चिकाची धार

मुंबईत पपईचं झाड सहसा कुणी लावत नाही, ते उगवतं. कंपाउंडच्या भिंतीला लागून, ड्रेनेजच्या चेंबरशेजारी, चाळीच्या मागच्या गल्लीत जिथे वरच्या मजल्यांवरून खरकटं पडतं तिथे. आमच्या भांडुपच्या सोसायटीत ते पंपाच्या खोलीमागे उगवलं. कुणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, तरी बघता बघता त्याचा शेंडा पहिल्या मजल्याच्या खिडकीत पोहोचला. फळं धरली आणि मग मालक निघाले. सेक्रेटरी म्हणाले झाड सोसायटीचं, पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या खिडकी माझी आहे. वॉचमन काहीच म्हणाला नाही, फळं मात्र बहुतेक त्यालाच मिळाली. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की हेच झाड ओकंबोकं होतं, कारण पानांच्या रसाने प्लेटलेट वाढतात हे प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ठाऊक असतं. (काही छोट्या चाचण्यांमध्ये तसं दिसलंही आहे. पण डेंग्यूत खरी काळजी शरीरातल्या पाण्याची आणि रक्तदाबाची घ्यावी लागते, ती पानं ओरबाडून घेता येत नाही.)

माझा डोळा पानांवर नाही आणि पिकलेल्या फळावर तर नाहीच. पिकल्या पपईचा वास मला लहानपणापासून सोसत नाही. मला लागते ती कच्ची, हिरवीगार, टणक पपई. तीही खायला कमी आणि बघायला जास्त.

अशा पपईच्या सालीवर सुरीच्या टोकाने हलकी रेघ ओढायची. क्षणभर काहीच होत नाही. मग रेघेवर पांढरे ठिपके उमटतात, एकाला एक लागतात, त्यांची धार होते, धार खाली ओघळते. थोड्या वेळात ती आपोआप मंदावते, दाट होते, रेघ बुजते. बोट लावलं तर चिकट, दोन बोटांत धरून ओढलं तर तार निघते. फळ जितकं कोवळं तितका चीक जास्त. पिकायला लागलं की चिकाच्या नळ्या आटत जातात आणि पूर्ण पिकलेल्या गरात तो नावापुरताच उरतो. किलोभर कच्ची पपई हाताने किसणाऱ्या बाईला याची वेगळी ओळख असते. तिची बोटं आधी गुळगुळीत होतात, मग चुरचुरतात. चीक बोटांच्या कातडीचा वरचा थर खायला लागलेला असतो.

खाणारं जे आहे त्याचं नाव पपेन. प्रथिनं तोडणारं एन्झाइम. 1870 च्या दशकात कलकत्त्यात जी. सी. रॉय यांनी पपईच्या रसात मांसासारखे पदार्थ कसे विरघळतात यावर लिहिलं, आणि 1879 मध्ये पॅरिसमध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी चिकातून ते काहीसं शुद्ध करून त्याचं बारसं केलं. पपेन स्वतःही एक प्रथिनच आहे, 212 अमिनो आम्लांची साखळी. ती घडी पडून दोन भागांत गोळा झालेली असते आणि दोन्ही भागांच्या मध्ये एक खाच असते. समोरच्या प्रथिनाची साखळी त्या खाचेत येऊन बसते. खाचेच्या एका बाजूला साखळीतलं 25 व्या जागेवरचं अमिनो आम्ल, सिस्टीन, दुसऱ्या बाजूला 159 व्या जागेवरचं हिस्टिडीन. सिस्टीनमधला गंधक साखळीच्या दुव्यावर हल्ला करतो, पाण्याचा रेणू मदतीला येतो आणि दुवा तुटतो. ही सगळी रचना 1968 मध्ये हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला यान ड्रेंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली.

आपल्या पोटातली एन्झाइमं त्यामानाने नखरेल. पेप्सिनला आम्ल लागतं, ट्रिप्सिनला आम्ल चालत नाही आणि ते तोडतंही ठरावीक ठिकाणीच. पपेनला फारसे नखरे नाहीत. थोडं आंबट, थोडं खारट, थोडं गरम, सगळं चालतं. साठ-पासष्ट अंश तापमानाला, जिथे बरीचशी एन्झाइमं मान टाकतात, तिथे हे उलट जोरात येतं. एकच खोड आहे. समोर तोडण्यासारखं असेपर्यंत ते तोडत राहतं. कुठे थांबायचं ते बाहेरच्याने ठरवायचं.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते रुईया कॉलेजच्या लॅबमध्ये. प्रयोग अगदी स्वस्तातला होता. कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे घ्यायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. एक्स-रेच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, जिलेटिन म्हणजे प्रथिन, आणि त्या थरात चांदीचे काळे कण अडकलेले असतात. एका परीक्षानळीत कच्च्या पपईचा गाळलेला रस, दुसरीत तोच रस उकळून गार केलेला, दोन्हीत एकेक पट्टी, आणि दोन्ही नळ्या कोमट पाण्यात. उकळलेल्या रसातली पट्टी होती तशी राहिली, बरगड्यांसकट. दुसऱ्या नळीतला काळा रंग आधी कडेने सैल झाला, मग बुळबुळीत झाला आणि चिमट्याने हलवल्यावर मळ सुटावा तसा सुटून तळाशी बसला. हातात राहिली निळसर, आरपार दिसणारी प्लास्टिकची पट्टी. लॅबमधले काका तिच्यातून खिडकीकडे बघत म्हणाले, "झाला पेशंट बरा."

जिलेटिनच्या जेलीत कच्ची पपई घातली तर ती जमत नाही, तेही याच कारणाने. चायना ग्रासची जमते, कारण चायना ग्रास प्रथिन नाही. ज्यूस सेंटरवर पपईचा मिल्कशेक घेऊन गप्पा मारत बसणाऱ्यांना शेवटचा घोट कधी कधी कडू लागतो. दुधातलं केसीन तुटून त्याचे कडवट तुकडे झालेले असतात. फळ जितकं अर्धकच्चं तितकी ही घाई जास्त.

स्वयंपाकघरात मात्र पपेनची गाठ पडते ती मटणामुळे. लालबागला आईच्या घरी मटण कोवळं आहे की जून, यावर रविवारचा सगळा नूर ठरायचा. बाबा दुकानात विचारायचे, "कोवळं आहे ना रे?" आणि तो दरवेळी तेवढ्याच खात्रीने हो म्हणायचा. घरी आल्यावर कुकरच्या शिट्ट्या वाढत गेल्या की शेजारणींचे सल्ले सुरू. एक म्हणायची सुपारीचं खांड टाक, दुसरी म्हणायची करवंटीचा तुकडा टाक, तिसरी म्हणायची पपईची फोड. पहिल्या दोघींबद्दल मला आजही फक्त आदर आहे, विश्वास नाही. तिसरीचं बरोबर होतं, पण अर्धंच. उकळत्या रश्श्यात सोडलेली फोड रस्सा तापता तापता जे काय करेल तेवढंच. एकदा उकळी लागली की पपेन गेलं कामातून. त्याला काम करू द्यायचं तर मटणाला आधी चोळावं लागतं.

हे शास्त्र खरं ज्यांच्या हातात आहे ते लोक भायखळा, नागपाडा, मोहम्मद अली रोडच्या बाजूला राहतात. माझ्या मैत्रिणीच्या अम्मी बोटी कबाबला पपई सालीसकट वाटतात, कारण चीक सालीलगत जास्त असतो. वाटण अगदी थोडं घेतात. ते आणि मीठ आधी, बाकीचा मसाला नंतर. त्यानंतर त्या अधूनमधून एक बोटी अंगठ्याने दाबून बघतात. मी एकदा विचारलं, "चाची, रातभर रखा तो?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पपीता घडी देखके लगाते हैं बेटा. दही को छोड़ दो तो चलता है."

हा सल्ला आमच्या सोसायटीत पोहोचायला हवा होता. गटारीला गच्चीवर शेगडी पेटवून कबाब करायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मटणाची जबाबदारी स्वतःहून अंगावर घेतली. आदल्या रात्री सगळं मटण पपईच्या भरपूर वाटणात कालवून फ्रीजमध्ये ठेवलं आणि ग्रुपवर लिहिलं, "उद्या तोंडात विरघळेल." तोंडापर्यंत जायला तर हवं होतं. सळईत खुपसलेले तुकडे वरून खिमट झालेले, निखाऱ्यांची धग लागताच त्यातले निम्मे सुटून खाली राखेत. उरलेल्यांची गंमत निराळीच. बाहेरून लगदा आणि आतून तेच जून मटण, कारण वाटण काही मांसात खोलवर शिरत नाही. आणि मंद धगीवर आत पन्नास-साठ अंश होईपर्यंत पपेनला जो वेळ मिळतो त्यात ते रात्रभरात जमलं नाही तेवढं काम उरकतं. काकांनी शेवटी सगळं कढईत परतून पावाबरोबर वाढलं आणि हा खिमाच करायचा होता असं ठासून सांगितलं. खिमा उत्तम झाला होता, हेही सांगायला हवं.

मला वाटतं, पपेनचा सगळा इतिहास म्हणजे त्याला वेळेवर थांबवलेल्या आणि न थांबवलेल्या लोकांचा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या लिओ वॉलरस्टाइन यांनी 1911 मध्ये बीअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून तिच्यात पपेनसारखी एन्झाइमं घालण्याचं पेटंट घेतलं. गढूळपणा प्रथिनांमुळे येतो, ती तोडली की बीअर नितळ. पण प्रथिनं जास्त तोडली की फेसही गेला, कारण फेस टिकतो तोही प्रथिनांच्याच जोरावर.

सगळ्यात देखणं थांबणं मात्र लंडनचं. मिल हिलच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये रॉडनी पोर्टर सशाच्या रक्तातल्या अँटिबॉडींवर काम करत होते. अँटिबॉडी म्हणजे जंतूला धरणारा अवाढव्य रेणू, तेव्हाच्या साधनांनी तो जसाच्या तसा वाचणं अशक्य. पोर्टरनी तो पपेनला दिला. इतर बऱ्याच प्रथिनांचा चुरा झाला असता, इथे मात्र तीन मोठे तुकडे मिळाले. अँटिबॉडीचे हात जिथे धडाला जोडलेले असतात तो सांधा सैल आणि उघडा असतो, बाकीचा भाग घट्ट घड्यांमध्ये मिटलेला. पपेनला सांधा सापडला, बाकीच्यात शिरता आलं नाही. तीनपैकी दोन तुकड्यांना जंतूला धरता येत होतं. तिसऱ्याला धरता येत नव्हतं, पण तो थंडाव्यात सुंदर स्फटिक होऊन खाली बसला. 1959 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो हे समजायची वाट इथून मोकळी झाली. 1972 चं नोबेल पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना विभागून मिळालं. लस घेतल्यावर आपण "अँटिबॉडीज तयार झाल्या" असं सहज म्हणतो, त्या अँटिबॉडीची पहिली नीट फोड पपईच्या चिकाने केली आहे.

ससे या गोष्टीत आणखी एकदा येतात. लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी सशांच्या शिरेत पपेन टोचलं तेव्हा दिवसभरात त्यांचे ताठ कान लुळे पडून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागले. ससे बाकी मजेत होते. काही दिवसांत कान पुन्हा ताठ झाले. कानातल्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पेशींच्या मधलं भरण पपेनने पळवलं होतं आणि शरीराने ते परत भरून काढलं. थॉमस यांच्या नजरेला हे 1940 च्या दशकातच आलं होतं, पण हातातलं काम वेगळं असल्याने बाजूला पडलं. ते नीट तपासून छापायला 1956 उजाडलं.

ते वाचून लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरांच्या मनात आलं की कूर्चा अशी विरघळते तर पाठीच्या कण्यातली सरकलेली गादी का नाही? त्यांनी पपेनचा चिकातलाच भाऊ, कायमोपपेन, वापरला आणि 1963 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मणक्यात टोचला. पुष्कळ लोकांचा पाय दुखायचा थांबला. अमेरिकेत 1982 मध्ये त्याला रीतसर परवानगी मिळाली. पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, काही थोड्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. सुई तसूभर चुकीच्या जागी गेली तर आत गेलेल्या एन्झाइमला परत बोलावता येत नाही. 2003 मध्ये तिथली विक्री बंद झाली.

आता झाडाचा विचार करा. असला पदार्थ अंगभर वागवणारं झाड स्वतः विरघळून का जात नाही? पपेन तयार होतं तेच मुळी म्यानात. त्याच्या साखळीला सुरुवातीला आणखी शंभरएक अमिनो आम्लांचं शेपूट जोडलेलं असतं आणि ते बरोबर त्या खाचेवर आडवं बसतं. नळ्यांच्या आत चीक निपचित असतो. चीर पडली, चीक बाहेर आला की हे शेपूट तुटतं आणि काही मिनिटांत पपेन कामाला लागतं. तेवढ्यात चीक गोठतो आणि जखमही बुजते. म्हणजे मघाशी सुरीच्या रेघेवर जे दिसलं ती मलमपट्टी आणि हल्ला एकाच वेळी चालले होते.

हल्ला कुणावर, याचंही उत्तर आहे. 2004 मध्ये जपानमध्ये कोतारो कोन्नो आणि सहकाऱ्यांनी एरी रेशमाच्या अळ्यांना पपईचं पान खायला दिलं. एरंडावर वाढणाऱ्या या अळ्या पपईच्या पानावर तग धरेनात. पानातला चीक धुऊन काढला, किंवा पपेनला निकामी करणारं रसायन पानाला लावलं, तर त्याच अळ्या तेच पान खाऊन मजेत वाढल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आपण ज्याला पाचक म्हणून गौरवतो ते मुळात दुसऱ्याने आपल्याला पचवू नये म्हणून केलेलं विष आहे.

पाचक म्हणायची सवय मात्र जाणार नाही. जेवण अंगावर आलं की घेतात त्या काळ्या गोळीत पपेन असतं, सोबत पिष्ट तोडणारं डायस्टेज आणि कोळशाची पूड. जठरातलं कडक आम्ल पपेनला झेपत नाही, भरल्या पोटात आम्ल सौम्य असतं तेव्हा थोडंफार काम होत असेल. माझं मत विचाराल तर कमी जेवणं स्वस्त पडतं. आणि सकाळी पिकलेल्या पपईची वाटी खाऊन "एन्झाइम घेतलं" म्हणणाऱ्यांनी खुशाल खावी, पोट साफ होईल, पण श्रेय चोथ्याला आणि पाण्याला द्यावं. गरोदर बाईच्या ताटातून पपई काढून घेणाऱ्या सासवांचंही तसंच अर्धं बरोबर. 2002 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूवर कच्च्या पपईच्या चिकाने जोरदार आकुंचन दिसलं, पिकल्या पपईच्या रसाने नाही. कच्चीवरचा धाक पिकलेलीपर्यंत ताणला गेला, कारण धाकाला फळाचा रंग बघायची सवय नसते.

कोविडच्या वर्षात, घरात कोंडून सगळेच विषाणुतज्ज्ञ झाले होते तेव्हा, मी त्या विषाणूच्या एन्झाइमांची यादी वाचत होते. त्यात एक ओळखीचं नाव निघालं, पपेनसारखं प्रोटिएज. विषाणूची प्रथिनं एका लांब माळेत तयार होतात, ती तोडून सुटी करणाऱ्यांपैकी हे एक. ते काही पपईतून आलेलं नाही, घडण मिळतीजुळती म्हणून नाव. आपल्याच पेशींमध्ये जुनी प्रथिनं मोडीत काढणारी बरीचशी कॅथेप्सिनं तर सरळ पपेनच्याच घराण्यातली. फोर्टच्या फुटपाथवर मीठ-मसाला लावून विकली जाणारी फोड आणि हे सगळं, एवढा गोतावळा.

औषधाच्या आणि मटणाच्या पुडीतलं पपेन येतं कुठून, तर शेतातून, हाताने. पपई आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात भरपूर, तिथून ट्रक वाशीच्या मार्केटला येतात. चीक काढायचा तर फळ अडीच-तीन महिन्यांचं, कच्चं लागतं. सकाळी ऊन चढायच्या आत फळावर उभ्या तीन-चार चिरा द्यायच्या, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल नाहीत. पातं न गंजणारं हवं, नाहीतर बांबूची धारदार काडी, कारण लोखंडाने चीक काळवंडतो आणि पपेन मरतं. खाली भांडं धरायचं. तीन-चार दिवसांनी त्याच फळाला पुन्हा चिरा, असं तीन-चार वेळा. जमलेला चीक मंद उष्णतेवर वाळवून पूड करायची. पुडीची धूळ नाकात जाऊन कामगारांना दमा जडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि चीक काढणाऱ्यांच्या हातांना हातमोजे नसतील तर काय होतं ते किसणाऱ्या बाईच्या बोटांवरून ताडावं. पचनाच्या गोळीच्या वेष्टनावर या हातांचा उल्लेख असायचं कारण नाही म्हणा.

चिरा पडलेलं फळ बाजारात कुणी घेत नाही. चवीला चांगलं असतं, पण अंगभर काळे ओरखडे. मग ते जातं टूटी-फ्रुटीला. साल काढून बारीक चौकोनी तुकडे, उकळून, पाकात मुरवून, लाल-हिरवा-पिवळा रंग देऊन सुकवलेले. अय्यंगार बेकरीच्या पावात, मसाला पानात, कसाट्यात, वाढदिवसाच्या केकमध्ये जे चेरीचे तुकडे म्हणून आपण चघळतो ते बहुतेक वेळा हेच. उकळल्यामुळे पपेन कधीच मेलेलं, उरलेला चोथा आणि साखर.

परवा माझ्या भाचीला हे सांगितलं. तिला पपई नुसती दिसली तरी ओकारी येते. तिने हातातल्या केकच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मावशी, हे सगळे पपई?"

"सगळे."

"हिरवेपण?"

"हिरवेपण."

तिने लाल तुकडे बोटाने उकरून माझ्या बशीत टाकले आणि हिरवे खाल्ले. हिरवे कलिंगडाचे असणार, असं तिचं म्हणणं पडलं.